'लागणे' शिकवायला किती तास लागतात?

टिपकागद
प्रौढ अमराठी लोकांच्या संध्याकाळच्या वर्गासाठी टाचण करायचं आहे. वीस धडे, दर धडा दीड तासाचा. येणे, जाणे, देणे, घेणे सगळी गुणी मुलांसारखी रांगेत बसली. 'लागणे' बसेना. भूक लागते, वेळ लागतो, फोन लागत नाही, निकाल लागला, दूध लागलं, डोक्याला लागलं, नोकरी लागली, जावं लागतं, रडायला लागला. शब्दकोशातला अर्थांचा ढीग वर्गात ओतून उपयोग नाही, माणसं दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

तर प्रश्न दोन. एक, यातलं काय आधी शिकवावं आणि काय नंतर? दोन, शिकणारे नेमके कुठे चुकतात? व्युत्पत्तीही चालेल, पण धडा उभा राहील असं काहीतरी द्या.

हेमाडपंती
मूळ अर्थ एकच: चिकटणे, टेकणे. संस्कृत 'लग्', प्राकृत 'लग्ग', मराठी 'लागणे'. बाकी सगळं त्याच खोडाच्या फांद्या. हात भिंतीला टेकला की लागला, भूक माणसाला चिकटली की लागली, खर्च कामाला चिकटला की लागला. हे एकदा फळ्यावर काढलं की निम्मं काम झालं.

आणि गंमत म्हणजे 'लग्न' हे त्याच धातूचं भूतकाळी विशेषण. लग्न म्हणजे लागलेलं. ज्योतिषातलं लग्न म्हणजे त्या वेळी पूर्व क्षितिजाला लागलेली रास. म्हणजे 'लग्न लागलं' म्हणताना आपण 'लागलेलं लागलं' म्हणतो.

दुधखुळा
आणि मग वाट लागते.

ओवी
@हेमाडपंती, लग्नाचं उदाहरण वर्गात जरूर घ्या, पण व्युत्पत्तीसाठी नको. त्यात चार क्रियापदांची वाटणी बघण्यासारखी आहे. वधूवर लग्न *करतात*. गुरुजी लग्न *लावतात*. मुहूर्तावर लग्न *लागतं*. आणि चौकशी करणाऱ्याला सांगतात, लग्न *झालं*. 'लग्न किती वाजता आहे' याचं उत्तर हॉलवर पोचायची वेळ असू शकतं, पण 'किती वाजता लागतं' याचं उत्तर एकच: मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण. 'लग्न लागलं का?' हा प्रश्न उशिरा पोचलेला पाहुणा विचारतो आणि त्याला खरं विचारायचं असतं, पंगत बसली का.

झारा
दूध लागण्यावरून. शिकणाऱ्यांना चार शब्द वेगळे करून द्या, स्वयंपाकघरात सगळे गोंधळतात.

लागलं: तळाला थर धरला, वास नुकताच आलाय, वरचं अजून वापरता येतं.
करपलं: थर काळा पडला, वास सगळ्या पातेल्यात उतरला.
जळलं: फेकून द्या.
उतू गेलं: हे वर झालेलं प्रकरण, तळाशी संबंध नाही.

'लागलं' या टप्प्यावर करायचं एवढंच की गॅस बंद करून, डाव न फिरवता, वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं. खरवडलं की वास सगळ्यात गेला. लागू नये म्हणून दूध ओतण्याआधी पातेलं दोन-तीन चमचे पाण्याने ओलं करतात, जाड बुडाचं घेतात, आणि बासुंदीसारखं आटवायचं असेल तर डाव तळाला टेकवून फिरवतात. म्हणजे दूध तळाला लागू नये म्हणून डाव तळाला लागला पाहिजे. घ्या, झाला की तुमचा दुसरा धडा.

टिपकागद
@झारा, फळ्यावर जाणार हे! 'भात खाली लागला' पण त्यातच ना?

झारा
त्यातच. पण 'भाताला मीठ लागलं नाही' हे निराळं. मीठ घातलंय, आत मुरलं नाही. मसाला लागणे, तेल लागणे, हळद लागणे सगळी त्याच कुळातली. आणि 'भाताला मीठ लागतं' म्हणजे गरज. काळ बदलला की अर्थ बदलला.

खुंटी
हा काळाचा मुद्दा झारा यांनी जाता जाता टाकला, पण तोच या क्रियापदाचा गाभा आहे. एकटं 'मला' घ्या आणि पुढे नाम घालूच नका:

मला लागतं: गरज आहे. ('रोज सकाळी चहा लागतो'मधलं.)
मला लागलं: इजा झाली.
मला लागली: लहान मूल असं म्हणालं तर चप्पल शोधत बसू नका, आधी मोरी दाखवा.

तिन्हीत नाम गाळलेलं आहे, तरी कोणाचा गोंधळ होत नाही. नपुंसकलिंगी, एकवचनी, भूतकाळी 'लागलं' एकटं आलं की मराठी कान 'दुखापत' असंच ऐकतो. म्हणून पडलेल्या पोराला आपण 'काय लागलं?' नाही विचारत, 'लागलं का?' विचारतो. शिकणारे इथे 'दुखलं का' म्हणतात. लागणं हा आघात, दुखणं हा परिणाम. लागलं पण दुखत नाही असं होऊ शकतं, आणि डोकं तर काही न लागताही दुखतं.

दुधखुळा
काळावरून आठवलं.
"मला गाडीत गोळी लागते." प्रवासात उलटीचा त्रास.
"मला गाडीत गोळी लागली." पोलीस केस.

वऱ्हाडी_ठेचा
@दुधखुळा 😂 आणि एसटी स्टँडवर 'गाडी लागली का' विचारलं तर कंट्रोलर फलाट सांगतो, डॉक्टर गोळी देतो.

अमराठी माणसाला हे सांगाच: 'गाडी लागली' म्हणजे ती फलाटाला येऊन उभी राहिली. 'मला गाडी लागते' म्हणजे मळमळतं. इथेही 'मला' आलं की शरीराचं प्रकरण.

आमच्याकडं विदर्भात अजून एक. 'करावं लागतं' असं लांबण कोणी लावत नाही. 'करा लागते', 'जा लागते', 'पाहा लागते'. 'मले उद्या नागपूरले जा लागते.' ही पुण्याच्या 'जावं लागतं'ची चूक नाही, आमचं नेहमीचं रूप आहे. तुमचे विद्यार्थी नागपुरात नोकरीला जाणार असतील तर ऐकून समजलं पाहिजे.

पंचगंगा
मग कोल्हापूरकडचंही लिहून घ्या, नाहीतर पोरगं इकडं येऊन फसंल.

पुण्यात 'तो जेवायला लागलाय' म्हणजे त्याने जेवायला सुरुवात केली. आमच्याकडं 'तो जेवायला लागलाय' म्हणजे तो जेवतोय, कदाचित शेवटच्या घासावर असंल. सुरुवातीशी काही संबंध नाही, चालू वर्तमान आहे. आणि ते घासून घासून आणखी लहान झालंय: 'काय करायला लागलायस?' → 'काय करालायस?' 'जेवायला लागलोय' → 'जेवालोय.' या 'करालायस'मध्ये अख्खं 'लागणे' गिळलेलं आहे, फक्त एक 'ला' वर राहिलाय. तिकडच्या माणसाला हे 'लागणे' आहे असं सांगितलं तर त्यालाही पटत नाही.

हेमाडपंती
@पंचगंगा, जुन्या मराठीत याच्या उलट्या टोकाला हेच झालंय. तिथे 'लागी' हा 'साठी, कडे' या अर्थाचा शब्द झाला. तुकोबांचं 'भेटीलागीं जीवा लागलीसे आस' घ्या. एकाच ओळीत दोनदा. पहिलं 'लागीं' म्हणजे 'साठी', तिथे क्रियापद मरून शब्दयोगी अव्यय झालंय. दुसरं 'लागलीसे' अजून जिवंत क्रियापद. आपला चतुर्थीचा 'ला' हाही या 'लागि'चाच झिजलेला अवशेष असावा असं एक मत आहे. ते खरं धरलं तर 'मला लागलं' या दोन शब्दांत क्रियापद दोनदा आलंय.

कोकणीत 'लागीं' म्हणजे जवळ. 'म्हजेलागीं' म्हणजे माझ्याकडे. आणि मराठीतलं 'घराला लागून गोठा' तेच. टेकणे → जवळ असणे → कडे → साठी. वाट सरळ आहे.

नांगरट
शब्द 'लागण'. वर्तमानपत्रात 'तीन गावांत लागण' असा मथळा आला की शहरातला माणूस मास्क शोधतो, ऊसपट्ट्यातला विचारतो, कुठल्या जातीची?

ऊसवाल्यांची लागण म्हणजे बेण्याची, उसाच्या टिपऱ्यांची (तुकड्यांची) लावणी. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. दोन डोळ्यांची (डोळा म्हणजे कोंब फुटतो ती जागा) टिपरी असतील तर एकरी साधारण दहा हजार, डोळे सरीच्या बगलांकडे येतील अशी ठेवायची. डोळा खाली गेला की कोंब टिपऱ्याला वळसा घालून वर येतो, उगवण मागं-पुढं होते आणि पहिल्या महिन्यातच नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, दिसतात. एक डोळ्याचं टिपरं असेल तर डोळा वर. 'लागणीचा ऊस' म्हणजे हा पहिला. तो तोडल्यावर त्याच बुडख्यातून फुटतो तो खोडवा.

भाताला मात्र बहुतेक ठिकाणी लावणी म्हणतात. भाजीपाल्याला, फळबागेला लागवड. तिन्ही एकाच कुळातल्या, पण अदलाबदल केली की शेतकरी ओळखतो की हा पुस्तकातून आलाय.

टिपकागद
@नांगरट, 'पाणी लागलं' याबद्दलही सांगा ना.

नांगरट
त्याचे चार आहेत, चारही रोजचे.

विहिरीला पाणी लागलं: खोदताना झरा सापडला. हे म्हणताना माणूस हसत असतो.
पिकाला पाणी लागतं: गरज. उसाला ज्वारीपेक्षा फार लागतं.
जखमेला पाणी लागू देऊ नका: स्पर्श.
त्याला तिथलं पाणी लागलं: गाव बदललं आणि पोट बिघडलं. हे बाधणं. पण गंमत अशी की 'त्याला मुंबईचं पाणी लागलं' म्हटलं तर पोट नाही, माणूस बिघडलेला असतो.

टिपकागद
@हेमाडपंती यांनी दिलेलं खोड चांगलं आहे, पण दुसऱ्या प्रश्नावर अजून कोणी हात घातलेला नाही. चुका कुठे होतात?

खुंटी
मातृभाषेप्रमाणे चुका बदलतात, त्यामुळे वर्गात कोण बसलंय ते आधी बघा.

हिंदी भाषकाला 'लगना' घरचं असल्यामुळे तो सगळ्यात बेफिकीर असतो आणि सगळ्यात जास्त चुकतो. 'मुझे लगता है' वरून 'मला लागतं की तो येणार नाही'. मराठीत मनातलं 'वाटतं', 'लागत' नाही. 'वाईट लागलं' नाही, 'वाईट वाटलं'. आणि थंडी. हिंदीत लागते, मराठीत थंडी *वाजते*. ऊन मात्र लागतं.

गुजराती भाषकाचंही तेच, 'मने लागे छे'. बंगाली भाषक 'भालो लागे' वरून 'मला हे गाणं छान लागतं' म्हणतो. मराठीत छान *लागतं* ते फक्त जिभेला. गाणं छान वाटतं, किंवा आवडतं. 'गाणं छान लागतं' ऐकलं की गाण्यावर कोथिंबीर भुरभुरल्यासारखं वाटतं.

कन्नड, तमिळ भाषकांना 'मला भूक लागली' हा साचा अजिबात जड जात नाही. कानडीत 'ननगे', तमिळमध्ये 'एनक्कु', म्हणजे 'मला'ला भूक होणं त्यांच्या घरीही आहे. ते अडकतात लिंगात. त्यांच्याकडे निर्जीव वस्तू सरसकट नपुंसक, त्यामुळे भूक स्त्री, वेळ पुरुष, ऊन नपुंसक हे पाठच करावं लागतं. 'भूक लागलं' आणि 'वेळ लागलं' या त्यांच्या ठरलेल्या चुका.

ओवी
@खुंटी, 'वेळ' स्त्रीलिंगीही आहे की! 'ही वेळ बरी नव्हे.'

खुंटी
आहे. म्हणूनच तो नमुना छान. किती काळ गेला ते मोजायचं तर 'वेळ लागला', पुल्लिंगी. घटका किंवा प्रसंग म्हणायचा तर 'वेळ आली', स्त्रीलिंगी. 'लागणे'बरोबर कायम पुल्लिंगी. वर्गात ही सोय आहे, क्रियापदच लिंग सांगतं.

टिपकागद
'करावं लागतं' मध्ये लिंगाचं काय? माझ्या टाचणात तिथे नुसती खाडाखोड आहे.

ओवी
तिथे दोन ठिकाणी शेपटी हलते, म्हणून माणसं घाबरतात. नियम सोपा आहे. 'मला' कोण आहे त्याकडे बघायचंच नाही. जे करायचंय ते बघायचं.

मला भात करावा लागला.
मला पोळी करावी लागली.
मला काम करावं लागलं.
मला चार फोन करावे लागले.
मला दोन भाज्या कराव्या लागल्या.

'कर'ची शेपटी आणि 'लाग'ची शेपटी दोन्ही भाताप्रमाणे, पोळीप्रमाणे. बाई बोलत असो की बुवा. आणि कर्माला 'ला' चिकटला, किंवा कर्मच नसलं, तर सगळं गोठतं: मला मुलीला बोलवावं लागलं. मला जावं लागलं. गोठलं की नेहमी नपुंसक एकवचन.

सर्वांत जास्त दिसणारी चूक 'मला पोळी करावं लागली', म्हणजे एक शेपटी हलवली, दुसरी विसरली. फळ्यावर दोन्हींच्या खाली एकाच रंगाची रेघ मारा.

हेमाडपंती
+१. आणि 'सुरू होणे'शी होणारी गल्लत. 'मी जायला लागलो' म्हणजे निघालो. 'मला जायला लागलं' म्हणजे नाइलाज. क्रियापद तेच, 'जायला' तेच, फक्त 'मी'चा 'मला' झाला. 'मी' असेल तर माणूस करतोय, 'मला' असेल तर त्याच्यावर येऊन पडलंय.

वऱ्हाडी_ठेचा
अन् नकार? 'तुला यावं लागत नाही' याचा अर्थ 'यायची गरज नाही'. मनाई करायची तर 'येऊ नको', 'येऊ नये'. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना 'लागत नाही' ही मनाई वाटते. आत जावं लागत नाही म्हटलं की बिचारे दाराबाहेरच उभे राहतात.

ओवी
अजून एक अर्थ कोणीच काढला नाही आणि तो हळूहळू चाललाय. 'करू लागणे' म्हणजे मदत करणे.

'ती भाजी निवडू लागली': सुरुवात केली.
'ती आईला भाजी निवडू लागली': आईला मदत केली.
'त्याला पेटी उचलू लाग': एक बाजू तू धर.

दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात 'मदत' शब्द नाही, उपकाराचा सूरही नाही. काम त्या दुसऱ्या माणसाचंच, आपण फक्त त्याला लागायचं. 'मला मदत कर' यात मागणं आहे, 'निवडू लाग' यात नाही. आता बहुतेक घरांत 'हेल्प कर' आलंय. तीस वर्षांपूर्वीच्या मराठीतही हे रूप सहज ऐकू यायचं.

पंचगंगा
गेलेलं नाही हो. खेड्यात 'जरा हात लाव', 'वझं उचलू लाग' अजून रोज चालतं. शहरात वझीच उरली नाहीत, रूप कुठं टिकणार.

ओवी
मान्य. 'हात लाव' वरून हे तीन घ्या, फक्त शेपटी वेगळी:

हात लागला: स्पर्श झाला, बहुतेक वेळा नको तिथे. 'हात लागून कप पडला.'
हाताला लागलं: हाताला इजा झाली.
हाती लागलं: सापडलं, मिळालं.

'माझ्या हाताला लागलं' आणि 'माझ्या हाती लागलं' यातला फरक एका अक्षराचा नाही, मलमपट्टीचा आहे. डोळ्यांचंही तसंच. 'डोळा लागला' म्हणजे झोप लागली. 'डोळे लागले' म्हणजे कोणाची तरी वाट बघणं चालू आहे, म्हणजे झोप नाहीच. एकवचनात झोप, अनेकवचनात जागरण.

दुधखुळा
आणि 'नजर लागली' तर मिठमोहऱ्या लागतात.

कासरा
एवढे अर्थ मोजताय, पण या शब्दाचा खरा जोर त्याच्या जोडीदारात आहे. लागणे आणि लावणे. पहिल्यात करणारा गायब, दुसऱ्यात हजर. दार लागलं (वाऱ्याने), दार लावलं (कोणीतरी). आता हे व्यवहारात बघा.

कंत्राटदार म्हणतो, 'वेळ लागला.' गिऱ्हाईक म्हणतं, 'तुम्ही वेळ *लावला*.' दुरुस्तीवाला म्हणतो, 'चारशे लागतील.' बाहेर आल्यावर आपण सांगतो, 'त्याने चारशे *लावले*.' वाट लागली, वाट लावली. भांडण फक्त एका अक्षरावर नाही, दोष कोणाचा यावर आहे.

कार्यालयातल्या खिडकीवर तर हे रोजचं. 'आधार कार्ड लागेल', 'दोन प्रती लागतील', 'साहेबांची सही लागेल'. कोणाला लागेल? का लागेल? वाक्यात जागाच नाही. 'मला पाहिजे' म्हटलं असतं तर माणूस समोर आला असता, त्याच्याशी वाद घालता आला असता. 'लागेल'शी वाद घालता येत नाही, ते पावसासारखं असतं. शिकणाऱ्याला ही युक्ती शिकवा: खिडकीवर 'लागेल' ऐकलं की नम्रपणे विचारायचं, 'कोणत्या नियमाने लागतं?' 'लागेल'चं 'लागतं' केलं की समोरच्याला कागद काढावा लागतो.

हेमाडपंती
@कासरा, क्रियापदावर एवढा राग नको. कर्ता लपवायचा तर 'करण्यात येत आहे' बसलेलंच आहे, त्यात तर क्रियाही लपते. आणि 'लागेल' हे नेहमी लबाडीचं नसतं. 'तुम्हाला थोडं थांबावं लागेल' हे 'थांबा'पेक्षा सौम्य आहे. आज्ञा टाळण्यासाठीच ते वापरतात.

कासरा
सौम्य आहेच. सुरीला धार असते तेव्हा तीही सौम्यच लागते.

सातबाऱ्याचं घ्या. लोक म्हणतात 'वारसांचं नाव लागलं', जणू उतारा ठेवला आणि नाव आपोआप चिकटलं. प्रत्यक्षात अर्ज होतो, गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मग नमुना ७ वर नाव येतं. प्रत्येक पायरीवर एक माणूस आहे. 'नाव लागलं का?' विचारणाऱ्याला कळत नाही काम कुठे अडलंय. 'फेरफार प्रमाणित केला का?' विचारणाऱ्याला कळतं.

पंचगंगा
हे खरं. तलाठ्याकडं 'नाव लागलं का' विचारलं की 'लागंल की' हेच उत्तर येतंय.

सुरावट
माझी दोन आण्याची भर. लावणे आणि लागणे यांच्यात फट असते, ती संगीतात ऐकू येते. तंबोरा *लावतात*, पण तो *लागतो* नंतर. नेहमीच्या मिळवणीत पहिली तार पंचम, मधली जोडी षड्ज, चौथी खर्ज. पंचम वर्ज्य असेल, मालकंससारखा राग असेल, तर पहिली तार मध्यमात. खुंट्या पिळून सूर जवळ आणायचा, मणी सरकवून उरलेला बारीक फरक काढायचा, शेवटी घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढेमागे करून जवारी (तारेचा गुंजणारा नाद) खुलवायची. इतकं करूनही एक तार 'लागत' नाही. मग गवई म्हणतो, 'लावलाय, पण लागला नाही अजून.' या वाक्याचं दुसऱ्या भाषेत नीट भाषांतर करून दाखवा.

तसंच 'सूर लागला'. लावणारा गायक, लागणारा सूर. 'सूर लावला' हे प्रयत्नाचं वर्णन, 'सूर लागला' ही दाद.

कासरा
@सुरावट, म्हणजे लागणं हे नेहमी जबाबदारी झटकणं नाही. मी अर्धी माघार घेतो. अर्धीच.

नांगरट
रोपांचंही तेच. 'शंभर रोपं लावली, सत्तर लागली.' उरलेली तीस कोणाच्या खात्यावर टाकायची यावर वाद होतो.

दुधखुळा
व्युत्पत्तीच्या यादीत लगेच, लागलीच, लागोपाठ, लगट आणि लगाम पण घाला.

हेमाडपंती
पहिले चार चालतील. लगाम फारसीतून आलेला आहे, त्याचा 'लग्'शी संबंध नाही. घोड्याला *लावतात* म्हणून फसायला होतं.

वऱ्हाडी_ठेचा
नातं राहिलं. 'तो तुझा कोण लागतो?' इथे 'आहे' म्हटलं तरी चालतं, पण 'लागतो' म्हटलं की दूरचं नातं मोजून सांगायचं असतं. सख्ख्या भावाला कोणी 'भाऊ लागतो' म्हणत नाही. मावसआत्याच्या दिराला म्हणतात.

झारा
आणि चवीतही 'आहे' आणि 'लागतं' वेगळं. 'चहा गोड आहे' म्हणजे साखर आहे. 'चहा अगोड लागतो' म्हणजे आधी जिलबी खाल्लीय. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं. पाणी गोड *नसतं*. वर्गात आवळे न्या, पाच मिनिटांत धडा संपेल.

टिपकागद
सर्वांचे आभार. तीन धडे करायचं ठरलं. साडेचार तास, म्हणजे शीर्षकाचं उत्तर मिळालं.

पहिला: नाम + लागणे. भूक, तहान, झोप, वेळ, पैसे, ऊन. लिंगासकट पाठ. शेवटी आवळे. हिंदी-गुजराती-बंगाली भाषकांसाठी 'वाटतं'ची वेगळी पट्टी याच दिवशी, नंतर नाही, कारण तोवर चूक मुरते.
दुसरा: करावं लागणे, करायला लागणे, नकार. दोन शेपट्या, एक रंग. 'करू लागणे' मदतीच्या अर्थाने ऐकण्यापुरतं, कोल्हापूर-नागपूरची रूपंही ऐकण्यापुरती.
तिसरा: लागणे/लावणे. दार, दिवा, वेळ, पैसे, आणि खिडकीवरचा संवाद. हात-डोळे इथेच.

लग्न, लागण, जवारी, सातबारा पुढच्या वर्गाला. सरावाची वाक्यं अशी केलीत, रिकाम्या जागा भरायच्या. कोणी डोळ्याखालून घालेल का?

१. मला खूप भूक ___.
२. पुण्याला जायला चार तास ___.
३. मला काल दोन चिठ्ठ्या ___ ___. (लिहिणे)
४. त्याला पायाला ___.
५. वाऱ्याने दार ___.
६. तुम्हाला उद्या ___ ___ नाही. (येणे)

ओवी
तिसरं: 'लिहाव्या लागल्या', आणि बोलण्यात 'लिहायला लागल्या' असंही येतं. दोन्ही बरोबर धरा, नाहीतर मुंबईत वाढलेला विद्यार्थी भांडेल. सहावं: 'यावं लागत नाही' की 'यावं लागणार नाही'? 'उद्या' आहे, तेव्हा एका रिकाम्या जागेत 'लागणार' घालायला सुचवा, 'लागत' लिहिणाऱ्याला अर्धा गुण.

खुंटी
दुसऱ्यात 'लागतात' आणि 'लागले' दोन्ही बसतात. प्रवास रोजचा की कालचा ते वाक्यात घाला. आणि चौथ्यात दोनदा 'ला' आहे, 'त्याला पायाला'. व्याकरणाने चालतं, पण विद्यार्थी अडखळेल. 'त्याच्या पायाला ___' करा.

पंचगंगा
पाचव्यात आमच्याकडचं पोरगं 'दार लागलं' नाही, 'दार झाकलं' लिहील. त्याला गुण द्या.